हार्बुर्गचा टेम्पो

विजापूर रोड, सोलापूर

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. वर्गातली श्टुटगार्टकडची मुलं मर्सिडीज आणि पोर्शच्या संग्रहालयांचं कौतुक सांगतात, म्युनिकची बीएमडब्ल्यूचं सांगतात, आणि हॅम्बुर्गमधलं आपलं हार्बुर्ग मात्र अगदीच कोरडं, असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून मला राहवेना. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा या बाबतीत मला बोलायचा थोडा हक्क आहे. सोलापूरच्या माणसाला अख्ख्या जर्मनीत एकच कारखाना पाहायला मिळणार असेल, तर त्यानं श्टुटगार्टला न जाता तुझ्या हार्बुर्गला यावं, असं माझं ठाम मत आहे.

तुझ्या विद्यापीठाच्या पश्चिमेला, हाइमफेल्डच्या पुढे, बोस्टेलबेक नावाचा भाग आहे. तिथे मर्सिडीजचा कारखाना दिसेल. आज त्यात ॲक्सल आणि असेच सुटे भाग बनतात. पण तो मूळचा मर्सिडीजचा नाही. १९३५ मध्ये तिथे विडाल आणि पुत्र यांचा टेम्पो कारखाना आला. हो, टेम्पोच. चाटी गल्लीत सकाळी कापडाच्या गाठी उतरवायला उभा असतो तो टेम्पो या पत्त्यावरून निघालेला आहे.

त्याची कथा एका कायद्यापासून सुरू होते. १९२८ मध्ये जर्मनीत नियम झाला की चारपेक्षा कमी चाकांच्या आणि दोनशे सीसीपर्यंतच्या गाडीला कर नाही आणि ती चालवायला परवानाही लागणार नाही. लहान दुकानदाराला, कारागिराला पहिल्यांदाच स्वतःची मोटार परवडेल अशी वाट त्यामुळे उघडली. ऑस्कर विडाल या मालकानं आणि ऑटो डाउस या इंजिनिअरनं ती वाट ओळखली. आधीच्या गाड्यांत माल पुढे आणि चालक मागे असे. पुढे डाउसनं रचना फिरवली. इंजिन पुढच्या एका चाकाजवळ घेतलं आणि ताकद साखळीनं त्याच चाकाला दिली. आता नीट विचार कर. ताकद पुढच्याच चाकाला गेली की मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नको, डिफरन्शियल नको. मागे फक्त दोन चाकं आणि त्यांवर हौदा. हौदा खाली आला, हमालाच्या कमरेच्या उंचीवर आला. पाठीवर गाठ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासाठी त्या काही इंचांचं मोल काय असतं, हे तुला मार्केट यार्डात कांद्याची पोती चढताना पाहिलं की कळेल. गाड्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत वेगाच्या विक्रमांना पानंच्या पानं मिळतात आणि हौद्याच्या उंचीला एक ओळही मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डाउस हा कल्पक माणूस होता. १९३६ मध्ये त्यानं जी १२०० नावाची गाडी काढली. तिला दोन इंजिनं होती, एक पुढच्या चाकांना आणि एक मागच्या चाकांना, आणि ती कितीतरी देशांच्या सैन्यांनी घेतली. पुढे महायुद्ध आलं. त्या वर्षांविषयी जर्मन गाड्यांचे चाहते पटकन पुढे सरकतात, तसं तू करू नकोस. डाइमलर-बेंझनं युद्धकाळात हजारो लोकांना सक्तीनं राबवलं, आणि त्याबद्दल २ कोटी मार्क द्यायला १९८८ साल उजाडलं. फोक्सवागनचा कारखाना तर नाझी राजवटीनंच उभा केला आणि युद्धात तोही सक्तीच्या मजुरांवर चालला. हॅम्बुर्गमध्येच नॉयेनगामे इथे छळछावणीचं स्मारक आहे. त्या छावणीतली माणसं आसपासच्या कारखान्यांत कामाला जुंपली जात. एखाद्या रविवारी तिथे जाऊन ये. तू ज्यांच्याकडून इंजिनिअरिंग शिकते आहेस, त्यांच्या इतिहासातलं हेही तुला माहीत असायला हवं.

युद्धानंतर १९४९ मध्ये टेम्पोची हान्सेआट ही तीनचाकी आली. बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेली शहरं पुन्हा उभी राहत होती आणि अशा स्वस्त गाड्यांना काम भरपूर होतं. पण जर्मनीत पैसा आला तसा तिथला दुकानदार चारचाकीकडे वळला, आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला हान्सेआट तिथे बंद झाली. तिची तिथली गरज संपली आणि आपल्याकडची तेव्हा सुरू होत होती.

इथे आपल्या शेजारच्या नगरचे नवलमल फिरोदिया येतात. वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे सभापती. नवलमल वकील झालेले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. अशा माणसानं स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या धंद्यात काय करावं? आलिशान गाडी आणून मूठभर लोकांना विकणं सोपं होतं. त्यांनी रिक्षा आणि मालवाहू तीनचाकी निवडली, म्हणजे जिच्यावर चालवणाऱ्याचं पोट भरेल अशी गाडी. १९५८ मध्ये बजाज समूहाबरोबर बजाज टेम्पो ही कंपनी झाली, विडालच्या कारखान्याशी करार झाला आणि मुंबईत गोरेगावला हान्सेआट बनू लागली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला मोठा कारखाना उभा राहिला.

त्या हान्सेआटचा आवाज ज्यांनी ऐकला ते तो विसरलेले नाहीत. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, मागे निळा धूर. पाऊण टनाची गाडी, पण आपल्याकडे पाऊण टनावर कोण थांबतं? सोलापूरच्या पूर्व भागात साइझिंगवरून सुताचे बीम उचलायचे, गल्लीबोळांतून यंत्रमागांपर्यंत पोचवायचे, परतीच्या खेपेला चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे घ्यायचे. ज्या बोळात ट्रक शिरत नाही आणि बैलगाडीला वेळ लागतो, तिथे ही गाडी जागच्या जागी वळायची. तिच्यात खोडही होती. ताकद पुढच्या एकाच चाकाला असल्यामुळे माल फार मागे गेला की चढावर ते चाक पकड सोडून जागेवर फिरायचं, आणि वळणावर घाई केली तर गाडी कलंडायची. जड माल केबिनला टेकवून लावायचा, चढाच्या आधीच गिअर उतरवायचा, हे पूर्व भागातले तेलुगू बोलणारे चालक नव्या क्लीनरला पहिल्याच दिवशी शिकवत. डाउसनं जे कागदावर मांडलं त्याचं पुढचं शिक्षण या माणसांनी पुरं केलं. कुणी कुठेही लिहून ठेवलं नाही, पण तेही इंजिनिअरिंगच.

आता जर्मनीत काय झालं ते बघ. १९५५ मध्ये टेम्पोचा अर्धा हिस्सा हानोमाग या दुसऱ्या जर्मन वाहनकंपनीच्या मालकांकडे गेला आणि साठच्या दशकात सगळी कंपनी त्यांची झाली. पाठोपाठ हानोमागचा मालवाहू गाड्यांचा धंदा डाइमलर-बेंझनं घेतला. हार्बुर्गला बनणाऱ्या टेम्पोच्या व्हॅनवर मर्सिडीजचा तारा बसला, टेम्पो हे नाव पुसलं गेलं, आणि १९७७ मध्ये ती व्हॅनही बंद झाली. म्हणून तुला हार्बुर्गमध्ये काही दिसत नाही. पण तीच व्हॅन आकुर्डीत बनतच राहिली, आपली मॅटाडोर म्हणून. तिच्यातही ताकद पुढच्या चाकांना, म्हणून फरशी खाली. शाळेची मुलं, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्याची रुग्णवाहिका, अक्कलकोट-तुळजापूरची देवदर्शनं, बँडपथकाचे ढोल, सगळं त्या एका गाडीत झालं. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्यांमागून तंबू आणि भांडीकुंडी घेऊन त्या चालायच्या. जिथे तिचा जन्म झाला तिथले लोक तिला विसरून गेले होते, तेव्हा आपल्या जिल्ह्यात ती भर उन्हाळ्यात, बेचाळीस अंशांत, मंगळवेढ्याची ज्वारी ओढत होती.

आणि इंजिन कोणतं, तर पुढे मर्सिडीजचं ओएम ६१६. चार सिलिंडर, दोन पूर्णांक चार लिटर, डिझेल. हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत होतं, जगभरच्या टॅक्सीवाल्यांनी नावाजलेलं. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता आधी एका छोट्या कोठीत पेटतं. त्यामुळे थोडी ताकद वाया जाते आणि थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय ते चालू होत नाही. पण इंधन कमीजास्त दर्जाचं असलं तरी ते रुसत नाही, आणि दणकट बांधणीमुळे पुन्हा पुन्हा दुरुस्त होतं. माझ्या पोरांना मी ते कितीतरी वेळा खोलून दाखवलं आहे. लाइनर बदला, रिंग-पिस्टन बदला, नोझल साफ करा, की पुढची काही वर्षं बघायला नको. हेच इंजिन बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स या प्रवासी गाडीतही आलं. म्हणजे सांगोल्याच्या नाहीतर बार्शीच्या रस्त्यावर वडापच्या ट्रॅक्समध्ये दाटीवाटीनं बसलेली शेतमजूर बाई मर्सिडीजच्या इंजिनावर घरी जात होती. तिला कुणी सांगितलं नाही आणि तिला त्याची गरजही नव्हती. गाडी वेळेवर घरी पोचते की नाही, एवढंच तिनं पाहिलं. माझ्या लेखी जर्मन इंजिनिअरिंगला मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र आहे.

मर्सिडीजचा तारा सोलापूरला तसा जुनाच. टाटांच्या टेल्कोनं १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला, त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिले ट्रक निघाले आणि १९६९ पर्यंत त्यांच्या जाळीवर तो तारा होता. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी त्या काळात आपल्या लोकांना मोटारी बनवणं कसं शिकवलं, ते स्वतंत्र पत्राचं प्रकरण आहे. इथे एवढंच सांगतो, की मर्सिडीजच्या मोटारी पुण्यात बनू लागल्या त्या नव्वदच्या दशकात. त्याआधी चाळीस वर्षं आपल्या ट्रकवाल्यांनी हे नाव ओझ्यावरून पारखलेलं होतं.

मग नाव कमावणं कशाला म्हणायचं? तुझ्या वर्गातल्या मुलांच्या बोलण्यावरून वाटतं, नाव कारखान्यात तयार होऊन शोरूममधून बाहेर पडतं. मला ते पटत नाही. कारखाना गाडीला जन्म देतो, नाव तिला रस्ता देतो. २०१५ मध्ये फोक्सवागननं प्रदूषणाची चाचणी फसवणारं सॉफ्टवेअर गाड्यांत घातल्याचं उघड झालं. केवढी जुनी, केवढी मोठी कंपनी, पण गाडी चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरंच वागत होती. आपल्या हरित लवादानंही २०१९ मध्ये त्यांना ५०० कोटींचा दंड लावला. उलट टेम्पो ही कंपनी म्हणून संपली, तिचं संग्रहालय नाही, जाहिरात करायला मालक उरला नाही, तरी तिच्या नावावर आजही लोक माल चढवतात. १९८७ मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवरून बजाज टेम्पोची टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. २००५ मध्ये कंपनीनं स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण गाणगापूरला जायचं ठरलं की आपल्या गल्लीतल्या बायका ट्रॅव्हलरच ठरवतात. विडालच्या कारखान्याचं हे नाव पुण्याच्या कामगारांनी, आपल्या चालकांनी आणि बोरामणी नाक्यापासून होटगी रोडपर्यंतच्या मिस्त्रींनी टिकवलं. श्टुटगार्टच्या मुलांना हे सांगताना अजिबात संकोच करू नकोस.

आणखी एक सांग त्यांना. आता सोलापूर नुसतं घेणारं गाव नाही. १९९२ मध्ये इथे सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स मोटारींच्या इंजिनांतले कॅमशाफ्ट बनवते, झडपा नेमक्या क्षणी उघडणारा तो दांडा, आणि ते परदेशी कंपन्यांच्या गाड्यांतही बसतात. २०१८ मध्ये याच कंपनीनं सॅक्सनीतल्या कुनेवाल्डे गावची, इंजिनाचे भाग बनवणारी एमएफटी कंपनी घेतली. गिरण्यांचे भोंगे बंद झाले तेव्हा या शहरात आता काही उरलं नाही असं म्हणणारे खूप होते. माझे कितीतरी विद्यार्थी अक्कलकोट रोडच्या आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला लागले, एका केसाच्या कितव्या भागाइतकी चूक चालते याचा हिशेब रोज करू लागले. त्यांच्याकडे पाहिलं की मला तुझ्या शिक्षणाइतकाच त्यांचाही अभिमान वाटतो.

आता तुझ्याकडे काम. हार्बुर्गमध्ये शहराचं संग्रहालय आहे. तिथे जाऊन टेम्पोचं काय जपलं आहे ते विचार. जुनी कामगार मंडळी किंवा त्यांची मुलं भेटली तर त्यांना सांग, की तुमच्या गाड्या आमच्याकडे आणखी कित्येक वर्षं बनत राहिल्या. ते त्यांना माहीत असेलच असं नाही. युद्धाच्या वर्षांत त्या कारखान्यात कोण राबत होतं, हेही विचार आणि मिळेल ते लिहून ठेव. आणि हानोमागच्या काळातल्या हार्बुर्ग व्हॅनची दुरुस्तीची पुस्तिका कुठे जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसली, तर पुढच्या चाकांच्या जॉइंटची पानं तेवढी स्पष्ट फोटो काढून पाठव. मोहोळकडच्या एका शेतकऱ्याची मॅटाडोर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे कामाला आली आहे आणि जॉइंट कसा जुळवायचा यावर आमचं दोघांचं एकमत होत नाही. मापं मिलिमीटरमध्ये असतील, ती तशीच ठेव, आम्ही बघून घेऊ.

आजी बरी आहे. शेंगांची चटणी आणि कडक भाकरी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो आहोत.

तुझा,
मामा