बांधावरचे दार

मी शेणव्याच्या शाळेत चौथीत शिकते. आमच्या शेताच्या बांधावर एक छोटे घर आहे. त्याला दार आहे, पण कडी नाही. ते घर एका कोळ्याचे आहे.

पाऊस संपल्यावर मी आईबरोबर गवत कापायला गेले होते. तेव्हा बांधाच्या मातीत रुपयाएवढी गोल रेघ दिसली. काडीने उचकले तर झाकण उघडले! झाकणाला आतून पांढरे मऊ अस्तर होते. खाली बोट जाईल एवढे बीळ होते. मी जोर केला, तर झाकण तुटून हातातच आले. आई म्हणाली, "कुणाचं तरी दार मोडलंस बघ." मला फार वाईट वाटले.

शाळेत बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, हा ट्रॅपडोअर कोळी. ट्रॅपडोअर म्हणजे जमिनीतले झाकणाचे दार. हा कोळी जाळे विणून लटकत नाही. तो जमिनीत बीळ खणतो आणि आतून धाग्याचे अस्तर लावतो. माती व धागे यांचे झाकण करतो. ते एका बाजूने बिजागरीसारखे चिकटलेले असते. रात्री तो झाकणाखाली दबा धरून बसतो. किडा जवळून गेला की जमीन हलते, ते त्याला पायांना कळते. मग तो झडप घालून किड्याला आत ओढतो. नर मोठा झाला की बीळ सोडून मादी शोधत हिंडतो. मादी मात्र बिळातच राहते.

बाईंनी एक खरी गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन नावाच्या बाई अशा कोळ्यांचा अभ्यास करीत. १९७४ साली त्यांनी एका मादीच्या बिळाला १६ नंबर दिला. ती मादी त्याच बिळात ४३ वर्षे जगली. २०१६ साली पाहिले तर झाकणाला भोक पडले होते. एका जातीच्या गांधीलमाशीने तिला मारले असावे. माझी आई तीस वर्षांची आहे. म्हणजे तो कोळी आईपेक्षा मोठा!

आठ दिवसांनी मी बांधावर गेले. बिळावर नवीन झाकण होते! मी हात लावला नाही.

मग दिवाळीच्या सुट्टीत खळे करायचे होते. बाबा टिकाव आणि घमेले घेऊन त्याच बांधाशी आले. मी आडवी उभी राहिले. म्हटले, "बाबा, हितं खणू नका. हितं कोळ्याचं घर आहे."

बाबा म्हणाले, "एका कोळ्यापायी मी लांब जाऊ?"

मी त्यांना ४३ वर्षांची गोष्ट सांगितली. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. पण तिकडून माती तूच वाहायचीस."

मी अकरा घमेली माती वाहिली. मान दुखली. पण खळे झाले आणि कोळ्याचे घरही राहिले.

रात्री बाबांनी बॅटरी घेतली आणि आम्ही दोघे बघायला गेलो. झाकण थोडे वर उचललेले होते आणि फटीतून दोन पाय दिसत होते. बाबा हळूच म्हणाले, "राखणीला बसलाय."

मित्रमैत्रिणींनो, बांधावर गोल रेघ दिसली तर काडी घालू नका. आत कोणीतरी राहत असेल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी