जेव्हा… तेव्हा…

माझे बाबा वाळूजच्या एका वेंडर कंपनीत क्यूसीला होते. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग करणाऱ्या ज्या लहान कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांतलीच ती एक. बाबांच्या टेबलावर एक प्लग गेज असायचं. एका टोकाला ‘गो’, दुसऱ्या टोकाला ‘नो-गो’. भोकात गो टोक गेलंच पाहिजे आणि नो-गो टोक जाता कामा नये. दोन्ही जमलं तर भाग पास. भोक कोणत्या मशीनवर पाडलं, कोणत्या पाळीत, ऑपरेटर कोण होता, हे गेज विचारत नसे.

मी वेब सॉफ्टवेअरच्या ऑटोमेटेड टेस्ट लिहिते. चांगली टेस्ट कशी ओळखायची, असं कुणी विचारलं की मला ते गेज आठवतं.

आमच्याकडच्या पुष्कळ टेस्ट भाग तपासायचा सोडून ऑपरेटरच्या हातांकडे बघत बसतात. तारखेच्या चौकटीवर क्लिक करा, कॅलेंडरच्या चौथ्या ओळीतला दुसरा आकडा निवडा, ५ सेकंद थांबा, निळं बटण दाबा, लाल अक्षरं दिसली का बघा. उद्या डिझायनरने बटण हिरवं केलं की टेस्ट फेल. ग्राहकाचं मात्र काहीच बिघडलेलं नसतं. असं दहा वेळा झालं की टीम लाल निकालाकडे बघणंच सोडते, आणि मग खरा बग त्या लालीत आरामात लपून राहतो.

डॅन नॉर्थ या ब्रिटिश प्रोग्रामरला अशीच अडचण शिकवताना जाणवली. ‘टेस्ट’ म्हटलं की लोक भलतीकडेच जातात, म्हणून त्याने ‘बिहेवियर’, म्हणजे वर्तन, हा शब्द धरला. ख्रिस मॅट्सच्या साथीने वाक्यांचा एक साचा बसवला: परिस्थिती अशी आहे, जेव्हा अमुक घडतं, तेव्हा तमुक व्हायला हवं. २००६ मध्ये त्याने यावर लेख लिहिला. २००८ मध्ये अस्लाक हेलेसोयने ‘कुकुंबर’ हे अवजार काढलं. त्यात साध्या भाषेतली वाक्यं लिहायची आणि प्रत्येक वाक्यामागे कोडचा एक तुकडा जोडायचा. तो तुकडा सेलेनियम किंवा प्लेराइटच्या मदतीने खरा ब्राउझर चालवतो.

या वाक्यांच्या साच्याला गर्किन म्हणतात, आणि गर्किनला मराठी येतं. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेचा कोड ‘एमआर’ लिहिला की ‘वैशिष्ट्य’, ‘परिदृश्य’, ‘जेव्हा’, ‘तेव्हा’, ‘आणि’, ‘पण’ हे शब्द त्याला कळतात. सुरुवातीच्या परिस्थितीसाठी ‘जर’ आणि ‘दिलेल्या प्रमाणे’ असे दोन पर्याय आहेत. मी ‘जर’ टाळते. ‘जर’मध्ये शंका असते, आणि ही ओळ तर गृहीत धरलेली वस्तुस्थिती सांगत असते. ‘दिलेल्या प्रमाणे’ सरकारी पत्रातलं वाटतं खरं, पण अर्थाने चोख आहे. ‘जेव्हा–तेव्हा’ ही जोडी मात्र आपल्या व्याकरणात आधीपासूनच बसलेली आहे. शिकवताना मी अजिंठ्याच्या तिकिटाचं उदाहरण घेते, कारण लेण्यांच्या सुट्ट्या आपल्या छत्रपती संभाजीनगरात सगळ्यांना पाठ असतात: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

परिदृश्य: अजिंठ्याच्या सुट्टीचा दिवस
दिलेल्या प्रमाणे अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात
जेव्हा पर्यटक सोमवारचं अजिंठ्याचं तिकीट मागतो
तेव्हा त्याला ते मिळत नाही
आणि लेणी त्या दिवशी बंद असल्याचं त्याला कळतं
पण त्याच दिवसाचं वेरूळचं तिकीट त्याला काढता येतं

शेवटची ओळ हे गेजचं दुसरं टोक. ती नसेल, तर सोमवारी सगळंच बंद ठेवणारं सॉफ्टवेअरही पास होईल.

आता दुसरा नियम घ्या: १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत. तीन जणांना एकत्र बसवायचं: ज्याला कामाचे नियम माहीत आहेत तो, कोड लिहिणारा आणि टेस्टर. पाच मिनिटांत प्रश्न निघतो. घरात ‘पंधरावं लागलं’ म्हणतात तो मुलगा मोफत की नाही? आणि तिकीट काढताना चौदाचा असलेला, पण लेणी बघायच्या दिवशी पंधरा पूर्ण झालेला? हा वाद कोड लिहिण्याआधी झाला पाहिजे. या पद्धतीची निम्मी किंमत मला या वादातच वसूल होते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आपल्या शहराच्या नामांतराने. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं आणि जिल्ह्याचं सप्टेंबरमध्ये. मधले सहा-सात महिने एकाच पत्त्यात शहर छत्रपती संभाजीनगर आणि जिल्हा औरंगाबाद, हेच बरोबर होतं. तेव्हा मी ज्या कंपनीसाठी काम करत होते, तिथल्या ढीगभर टेस्टमध्ये ‘औरंगाबाद’ हा शब्द जागोजागी लिहिलेला होता. एका सकाळी सगळ्या लाल झाल्या. घाईत कुणीतरी शोधा-आणि-बदला केलं आणि सगळं हिरवं झालं. त्या फटक्यात बिहारमधला औरंगाबाद जिल्हाही छत्रपती संभाजीनगर होऊन बसला, आणि आमच्या टेस्ट चुकीचीच मागणी करू लागल्या.

त्याहून वाईट पुढे घडलं. पावतीवर शहराच्या नावाला इंग्रजीत २० अक्षरांची जागा होती. औरंगाबादची १० अक्षरं तिथे सहज मावत. नव्या नावाला मधल्या रिकाम्या जागेसह २५ लागतात. पावतीवर ‘छत्रपती संभाजी’ एवढंच उमटलं, ‘नगर’ गळालं. शेकड्यांनी हिरव्या टेस्ट होत्या, पण ‘ग्राहकाला पावतीवर स्वतःचा पूर्ण पत्ता मिळतो’ असं म्हणणारी एकही नव्हती. ती चूक एका ग्राहकाने फोन करून सांगितली.

तेव्हापासून मी टेस्टच्या पायऱ्यांमध्ये बटणं, रंग, नावं लिहीत नाही. माणूस कशासाठी आला आणि त्याला काय मिळालं, एवढंच लिहिते. प्रत्येक टेस्ट आपला डेटा स्वतः तयार करते, आदल्या टेस्टच्या उरल्यासुरल्यावर जगत नाही. ‘५ सेकंद थांबा’ कुठेच नाही. पावती दिसेपर्यंत थांबा, असं लिहायचं. ठरावीक सेकंदांवर बेतलेली टेस्ट नेट मंदावलं की फेल होते आणि पुन्हा चालवली की पास, आणि अशा टेस्टवर विसंबून रिलीज देता येत नाही. ब्राउझरमधून तपासायच्या गोष्टीही मोजक्याच ठेवते. वयाच्या नियमाचे पंधरावीस प्रकार थेट कोडपाशी तपासता येतात. त्या प्रत्येकासाठी ब्राउझर उघडणं म्हणजे वेळेची नासाडी. आणि नवी टेस्ट लिहिली की कोड मुद्दाम मोडून ती फेल होते का, हे मी बघतेच. बाबांचं गेजही ठरलेल्या मुदतीने कॅलिब्रेशनला जायचं.

टेस्टिंगमध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींना एक विनंती आहे. पुढचं परिदृश्य आधी मराठीत लिहा आणि कोड कधीच न पाहिलेल्या, पण ते काम रोज करणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. काउंटरवरचा कारकून असेल, तिकीट खिडकीवरची बाई असेल. ‘हो, असंच असतं’ किंवा ‘नाही, असं नसतं’ हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय टेस्टचा कोड लिहायला घेऊ नका.