रायपूरचा गढकलेवा

परक्या शहरी उतरलेल्या प्रवाशाची पहिली विवंचना पोटाची असते. रायपूर ही २००० साली अस्तित्वात आलेल्या छत्तीसगढ राज्याची राजधानी; तेव्हा येथे उपाहारगृहांना तोटा नाही. परंतु बहुतेक ठिकाणी ताटात पडते ते पनीर, नाही तर डोसा. हे पदार्थ वाईट नव्हेत; पण त्यांसाठी ‘धानाचा कटोरा’ म्हणविणाऱ्या मुलखापर्यंत येण्याचे प्रयोजन काय? अडचण अशी, की घरचे साधे अन्न विकावयास मांडण्याजोगे सहसा कुणास वाटत नाही.

महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ साली सुरू झालेल्या ‘गढकलेवा’ने ती दूर केली. कलेवा म्हणजे न्याहारी. येथील स्वयंपाक महिला बचत गटाकडे सोपविण्यात आला. तांदळाचा चीला पाहून कोकणी माणसास घावन आठवेल. अइरसा तर आपल्या अनारशाचा सख्खा भाऊच! (१९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच राज्यात होती, पण चव काही एक झाली नाही.) फरा मात्र खास इकडचा. तांदळाच्या पिठात शिजलेला भात मळून बोटाएवढ्या वळकट्या करावयाच्या, वाफवावयाच्या आणि वर तिळाची फोडणी द्यावयाची. तो गरम असतानाच चटणीबरोबर खावा. बेसनाची खारी ठेठरी व गुळाची खुर्मी पुढील प्रवासासाठी बांधून घ्यावी.

बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, ही उन्हाळ्यातील न्याहारी. कांदा व मिठाबरोबर ती खावयाची, तर एखाद्या छत्तीसगढी घरचे आमंत्रणच मिळवावे.