खांब वाचले, वाडा गेला

लोणावळ्याकडच्या एखाद्या रिसॉर्टच्या दारात जुन्या वाड्याचे दोन नक्षीदार सागवानी खांब दिसले, की ‘चला, निदान खांब तरी वाचले’ असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. तळखड्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त, त्यावर तुळई, तुळयांवर कडीपाट, आणि लाकडाचं कुसू लाकडाच्याच खाचेत ठोकलेलं. असे खण एकमेकांना धरून भार पेलतात. भिंत पुष्कळदा नुसती आडोशाला. १९९३च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती माणसांवर कोसळल्या, पण कित्येक घरांचे लाकडी सांगाडे उभेच राहिले. वाडा म्हणजे तो सांगाडा; त्यातून उपटलेला खांब नुसतं लाकूड.

यावर कोणी म्हणेल, सरंजामदारांचा थाट आपण कशाला सांभाळायचा? प्रश्न रास्त आहे. मावळात तळेगाव दाभाड्यांचं. खंडेराव दाभाडे १७१७ साली सेनापती झाले, त्र्यंबकराव १७३१ला डभईच्या लढाईत पडले, उमाबाईंनी पुढे कारभार हाती घेतला. त्यांची नावं इतिहासात पक्की आहेत, त्यासाठी वाड्याची गरज नाही. पण असे वाडे उभारणाऱ्या सुतार-गवंड्यांना बखरीत जागा मिळाली नाही. त्यांचं काय ते दप्तर या सांध्यांत आहे.

आगीचं भय खरंच. १८२८च्या आगीत शनिवारवाड्याचे मजले जळाले, जोती आणि तट तेवढे उरले. तरी १८७९ला आग लागलेला विश्रामबागवाडा दुरुस्त झाला आणि आजही उभा आहे. आगीपेक्षा मावळात पाऊस मोठा वैरी: कौल सरकतं, पाणी भिंतीत मुरतं, आणि तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक आतल्या आत कुजतं. वरून रंग शाबूत, म्हणून कळत नाही. वेळीच कळलं तर टेकू देऊन तेवढाच तुकडा बदलता येतो. मिरगाआधी कौलं चाळली तर तेही नको. मात्र वारस डझनभर आणि वाटणी कोर्टात असेल तर कौलं चाळायची कोणी, याला माझ्याकडेही उत्तर नाही. वाडा उतरवायचाच ठरला, तर मापं घेऊन, खणाखणाला नंबर घालून उतरवावा. कुसवाचं काम सुटतं तसं पुन्हा बसतंही. कोथरूडचा मस्तानी महाल हलवून पुण्याच्या केळकर संग्रहालयात पुन्हा उभा केलेला आहेच.