आईच्या बांगड्या

सामान पाठविणें ही एक कला आहे. दारव्ह्याच्या आमच्या घरीं ती एकट्या आईला साधली होती. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धांवत होती त्या दिवसांत, यवतमाळला शिकणाऱ्या माझ्या बहिणीकडे आईचें गांठोडें कोणा ओळखीच्या उतारूबरोबर जाई. तें जड झालें म्हणून त्यांतलें कांहीं काढून ठेवण्याचें आईला कधीं सुचलें नाहीं. ती सरळ दुसरें गांठोडें बांधी.

आतां शकुंतला बंद आहे, आई नाहीं, आणि बहीण मेलबर्नला आहे. तिला पाठविण्यासारखें माझ्यापाशीं एकच उरलें होतें : आईनें जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचें ४० मिनिटांचें ध्वनिमुद्रण. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पण आमच्या घरचा संग्रह एवढाच.

आवाजालाही वजन असतें, हें मला तेव्हां कळलें. सीडीच्या दर्जाचें, न दाबलेलें ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारें १० मेगाबाइट जागा घेतें. म्हणजे आईच्या ओव्या झाल्या ४०० हून अधिक. आणि जीमेल एका पत्राबरोबर नेणार २५! मीं तो आवाज एमपी३च्या सांच्यांत घातला आणि दाबून दाबून दहाच्या आंत बसविला. फाइल चुटकीसरशीं गेली. स्वतःच्या हुषारीचें मला कौतुक वाटलें.

दुसऱ्या दिवशीं निरोप आला : ‘दादा, ओव्या ऐकल्या. पण आईच्या बांगड्या कुठें गेल्या?’

मीं मूळ मुद्रण लावलें. जात्याच्या फेऱ्याफेऱ्याला बांगड्यांची किणकिण होती. पाठविलेलें लावलें, तींत नुसती घरघर. फार दाबूं लागलें कीं उंच, बारीक नाद आधीं गळतात; मोठ्या आवाजाआड दडलेलें कानाला ऐकूं येत नाहीं, असा त्या यंत्राचा हिशेब. तो हिशेब सर्वसाधारण कानाचा. लेकीच्या कानाचा नव्हे.

फ्लॅक नांवाची एक रीत आहे. तींत फाइल बहुधा निम्म्याच्या आसपास येते, आणि उघडली कीं कणभरही न गमावतां पूर्ववत् होते. पण तीही पत्रांत मावेना. शेवटीं गूगल ड्राइव्हचा आश्रय केला. तेथें १५ गिगाबाइट जागा फुकट मिळते. फाइल तेथें ठेवावयाची आणि केवळ दुवा धाडावयाचा. जणूं गांठोडें शेजारीं ठेवून किल्ली तेवढी पाठवावयाची. आमच्याकडे फाइल उतरते झरझर, चढते मात्र सावकाश. दोनदां वीज गेली. तिसऱ्यांदा रात्रीं चढवावयास लावून मीं निजलों.

एवढ्या खटाटोपांत आईचीच रीत मला पुन्हां शिकावी लागली. ओझें झेपत नसेल तर वाट बदलावी. गांठोड्यांतलें काढूं नये.

सकाळीं बहिणीचा एकाच शब्दाचा निरोप होता : ‘सांपडल्या.’