पॅरिसच्या पोटात

भुताचे सिनेमे मी एकटीने बघत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण परवा रात्री ‘अ‍ॅज अबव्ह, सो बिलो’ लावला आणि हलत्या कॅमेऱ्याने डोकं गरगरतंय म्हणून नवरा पंधराव्या मिनिटाला उशी घेऊन आत गेला. मग काय, उरलेला एकटीनेच!

सिनेमा जॉन एरिक डाउडलचा, २०१४चा. स्कार्लेट नावाची एक हट्टी संशोधक निकोला फ्लामेलचा परीस शोधायला पॅरिसखालच्या भुयारांत उतरते. बरोबर एक जुना मित्र, काही वाटाडे आणि डोक्यांना बांधलेले कॅमेरे. आपण बघतो ते सगळं त्या कॅमेऱ्यांतूनच.

गोष्ट बेतलेली असली तरी भुयारं खरी आहेत आणि बरंचसं चित्रण तिथेच झालंय. चुनखडीच्या जुन्या खाणी त्या, सुमारे तीनशे किलोमीटर लांबीच्या. शहर त्यांच्यावर वाढत गेलं, आणि १७७४ मध्ये एक रस्ताच आत गेला तेव्हा सगळे जागे झाले. पुढे १७८६ पासून ओसंडून गेलेल्या कबरस्तानांतली हाडं रात्री गाड्यांत भरून तिथे नेऊन ठेवली. साठ लाखांहून जास्त माणसांची! पर्यटकांना त्यातला दीड किलोमीटर दाखवतात. बाकीच्या भुयारांत जायला १९५५ पासून बंदी आहे, तरी हौशी मंडळी घुसतातच. (हौसेला मोल नाही म्हणतात, पण इतकं?)

हाडांच्या ढिगावरून सरपटताना कॅमेरावाला बेंजी मध्येच अडकतो, ते बघताना माझा श्वास खरंच कोंडला. पण सिनेमा मला लागला तो दुसरीकडेच. एवढ्या खोलात, कसलीही तार नसताना, एक जुना टेलिफोन वाजतो. स्कार्लेट तो उचलते. तिच्या वडिलांनी आत्महत्या केली त्या रात्री त्यांनी तिला फोन केला होता आणि तिने उचलला नव्हता, हे आपल्याला बऱ्याच नंतर कळतं. शेवटी बाहेर पडायचा रस्ता असतो तो आणखी खालीच, आणि त्याआधी प्रत्येकाला आपापलं मनातलं बोलून टाकावं लागतं. समीक्षकांना हे बाळबोध वाटलं असेल तर वाटो. मी टीव्ही बंद करून तशीच अंधारात बसून राहिले.

बाबा गेले त्या संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांचा फोन आला होता. मी ऑफिसात होते, कामाचा ढीग होता. बाबांचे फोन म्हणजे बहुतेक वेळा गॅसचा नंबर लावलास का, नाहीतर पेपरातलं अमुक वाचलंस का. ‘नंतर करू’ म्हणून मी तो कट केला. नऊ वाजता फोन आला तो काकांचा.

आई म्हणाली होती, ‘काही विशेष नसेल गं, तुझ्याशी सहज बोलायचं असेल.’ तिला वाटतं, मी तो फोन पाहिलाच नव्हता. तसंच मी सगळ्यांना सांगितलं होतं.

ताई, तू हे वाचशीलच. तुलाही तेच सांगितलं होतं. पाहिला होता गं. दोनदा वाजू दिला आणि मग कट केला.