ज्याला दिलं जातं तो

'आय वॉन्ट टू बी गिव्हन अ चान्स.' हे वाक्य फळ्यावर लिहिलं की मराठी माध्यमातून आलेली मुलं एका ठरावीक जागी थबकतात. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करताना कर्म उचलायचं आणि कर्त्याच्या जागी नेऊन ठेवायचं, हे त्यांनी शाळेत घोटलेलं असतं. कर्म उठून गेलं म्हणजे क्रियापदापुढची जागा रिकामी व्हायला हवी. मग 'टू बी गिव्हन'च्या पुढे हा 'चान्स' कसा काय उरला? ज्या मुलाला हा प्रश्न पडतो त्याला वाक्य आतून दिसायला लागलेलं असतं, आणि तो क्षण मला शिकवण्यातला फार मोठा आनंद वाटतो.

उत्तर तसं लहान आहे. 'गिव्ह'ला दोन कर्मं असतात: जे द्यायचं ते आणि ज्याला द्यायचं तो. त्यातलं एक उठून कर्त्याच्या खुर्चीत बसतं, दुसरं जागच्या जागी राहतं. मागे राहिलेल्याला इंग्रजी व्याकरणात 'रिटेन्ड ऑब्जेक्ट' म्हणतात. 'टू बी टॉट म्युझिक', 'टू बी पेड अ सॅलरी', 'टू बी डिनाइड एन्ट्री' ही सगळी त्याच घरातली. 'एक्स्प्लेन' आणि 'सजेस्ट' मात्र ह्या घरात येत नाहीत. 'टू बी एक्स्प्लेन्ड द रूल' आपल्याला सहज सुचतं, कारण आपण कुणाला तरी नियम समजावून सांगतो. पण इंग्रजीत 'एक्स्प्लेन'नंतर माणूस यायचा तर मध्ये 'टू' लागतो आणि असा माणूस खुर्चीपर्यंत पोचत नाही.

खरी गोष्ट ह्याच्या मागे आहे. ज्याला द्यायचं तो खुर्चीत बसला, हे इंग्रजीत पूर्वी नव्हतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, आणि 'राजाला घोडा दिला गेला' हे त्या भाषेत जवळजवळ आपल्यासारखंच म्हणत. ज्याला दिला तो चतुर्थीत, कर्ता घोडा. पुढे प्रत्यय झिजले. राजा कर्ता असो की संप्रदान, शब्द एकसारखा दिसू लागला. वाक्यात पहिला येईल तो कर्ता, अशी ऐकणाऱ्याच्या कानाला सवय लागली, आणि वाक्याच्या तोंडाशी असलेला तो राजा हळूहळू कर्ताच समजला जाऊ लागला. चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमाराला 'हिम'च्या जागी 'ही' येऊ लागला. येस्पर्सन ह्या डॅनिश पंडिताने असाच बदल 'लाइक' ह्या क्रियापदात दाखवला आहे. 'राजाला नासपतीची फळं आवडली' ह्या अर्थाच्या जुन्या इंग्रजी वाक्यात राजा चतुर्थीत होता आणि क्रियापद फळांच्या वचनाने चालत होतं. तेच वाक्य पुढे राजाच्या ताब्यात गेलं.

मराठीत हे घडलं नाही. 'मला संधी दिली गेली' ह्यात क्रियापद संधीचं लिंग घेतं आणि मी 'ला' लावून शेजारी उभा राहतो. म्हणून आपल्या मुलांना 'आय वॉज गिव्हन' परकं वाटतं, तेव्हा त्यांची बुद्धी कमी पडत नसते. त्यांच्या भाषेने एक जुनी गोष्ट सांभाळली आहे, जी इंग्रजीकडेही होती. वर्गात हे सांगितलं की मुलांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते सांगावं असं मला मनापासून वाटतं.

ह्या रचनेचा दुसरा प्रकार वरून अगदी सारखा दिसतो. 'टू बी सेंट अ डॉक्टर' आणि 'टू बी मेड अ डॉक्टर'. पहिल्यात डॉक्टर तुमच्याकडे येतो, दुसऱ्यात तुम्हीच डॉक्टर होता. पहिल्यातलं नाम कर्म आहे, दुसऱ्यातलं पूरक. ते कर्त्याचंच दुसरं नाव. 'कॉल', 'इलेक्ट', 'अपॉइंट', 'डिक्लेअर' ही क्रियापदं ह्या जातीची. पद एकच असेल तर नामाआधीचं 'अ' किंवा 'द' सहसा गळतं: 'टू बी इलेक्टेड प्रेसिडेंट'. इथे मराठी वेगळ्या वाटेने जाते. आपण निवडून 'येतो', स्वतःला कवी 'म्हणवून घेतो'. ज्याच्यावर क्रिया घडली तोच काहीतरी करतो आहे, अशी ही बोलण्याची रीत मला नेहमी सुंदर वाटत आली आहे.

तिसरा प्रकार म्हणजे 'टू बी टेकन केअर ऑफ'. ह्यातलं 'केअर' क्रियापदाशी जन्माचं बांधलेलं आहे आणि शेवटचं 'ऑफ' विसरायचं नसतं, एवढं सांगून पुढे जातो.

कारण मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते न दिसणाऱ्या माणसापाशी. 'टू बी गिव्हन' म्हटल्यावर देणारा कोण? पॅसिव्हने त्याला गाळण्याची मुभा दिली. त्यात इन्फिनिटिव्हला काळ नसतो, म्हणजे केव्हा हेही गेलं. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ही रचना फार असते: 'फार्मर्स टू बी गिव्हन कॉम्पेन्सेशन'. कोण देणार, कधी देणार, काहीच नाही. हातात उरतं ते फक्त शेवटचं नाम. आपल्याकडचा मथळा 'शेतकऱ्यांना भरपाई मिळणार' असा असतो. 'मिळणे' ह्या आपल्या लाडक्या क्रियापदाला पॅसिव्ह व्हावंच लागत नाही, पण देणारा तिथेही गायबच. 'सरकार भरपाई देणार' असं लिहिलं की जबाबदारीला नाव मिळतं. बातमी वाचताना हा फरक मला टोचतो, आणि तो टोचायला हवा.

म्हणून मी वर्गात भारताच्या संविधानाचा इंग्रजी पाठ घेऊन बसतो. अनुच्छेद १४ मध्ये समानता नाकारणारा संभाव्य हात लपवलेला नाही: कर्ता 'द स्टेट' आहे, क्रियापद ॲक्टिव्ह आहे, राज्याने नाकारायचं नाही. अनुच्छेद २१ मध्ये कर्त्याच्या जागी व्यक्ती येते. तिचं जीवित आणि स्वातंत्र्य हिरावणारा वाक्यात दिसत नाही, तो कुणीही असू शकतो. ह्या अनुच्छेदात व्यक्तीला पुरेसं संरक्षण मिळत नाही अशी टीका संविधान सभेत झाली होती. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अटक झालेल्यांसाठी आणखी एक कलम मांडलं. तेच आजचं अनुच्छेद २२.

त्याचं पहिलं वाक्य म्हणजे आपल्या विषयाचा धडाच आहे. अटक झालेल्याला वकिलाशी सल्लामसलत करण्याचा आणि वकिलाकडून बचाव करवून घेण्याचा हक्क नाकारला जाणार नाही. 'शॅल'मागून आलेलं 'बी डिनाइड' आणि त्यापुढे 'द राइट' हे नाम: दोन कर्मांतलं मागे राहिलेलं. 'टू कन्सल्ट' हे ॲक्टिव्ह, कारण सल्ला तो स्वतः घेतो. आणि मग 'टू बी डिफेंडेड बाय'. कोठडीतल्या माणसाच्या बाबतीत पॅसिव्ह खोटं बोलत नाही. त्याला पकडलं जातं, ठेवलं जातं, नेलं जातं. पण इथे 'बाय' आला आणि त्याच्यामागे करणारा आला: त्या माणसाने स्वतः निवडलेला वकील.